स्पेलिंगची चूक आणि बुद्धीचा निवाडा

(वस्तीतील वाचनालयात पालकांच्या सभेपुढे दिलेले व्याख्यान)



आपण मला कायद्याविषयी बोलण्यासाठी पाचारण केले आहे, आणि कायद्याविषयी मी बोलणार आहेच. परंतु आरंभ कलमाने न करता एका वहीने करण्याची अनुज्ञा असावी. ती वही माझ्या धाकट्या भावाची आहे. इयत्ता सहावी, विषय इंग्रजी. तिच्या एका पानावर ‘बिकॉज’ हा शब्द पाच वेळा आलेला असून पाचही वेळा तो निरनिराळ्या रीतीने लिहिलेला आहे, आणि त्यांतील एकही रीत बरोबर नाही. पानाच्या तळाशी तांबड्या शाईत गुरुजींचा शेरा आहे : ‘निष्काळजी’.

मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. आमच्या लहानपणी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू होई. पहिलीपासून ती आली २००० साली. वडील गोदीत कामाला होते, आईला अक्षरओळख नव्हती. माझा हा भाऊ बाजाराचा हिशेब तोंडी करी. सभेत ऐकलेले भाषण घरी येऊन जसेच्या तसे म्हणून दाखवी. बिघडलेला रेडिओ उघडून पुन्हा बोलता करी. आणि तरीही इंग्रजीचे पुस्तक हाती आले की त्याच्या कपाळावर घाम येई. एके दिवशी शाळेत भर वर्गात त्याला ऐकविले गेले की, ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कोणी पाटी धरली नाही त्यांना इंग्रजी यावी कोठून? ही गोष्ट मला कळली तेव्हा मी संतापलो. पण कोणावर संतापलो? भावावर! त्याने आपल्या सर्वांची मान खाली घातली असे मला वाटले. चुकलेला प्रत्येक शब्द मी त्याला शंभर-शंभर वेळा लिहावयास लावला, प्रसंगी हातही उगारला. शंभर वेळा लिहून एकशे एकाव्या वेळी तो शब्द पुन्हा चुकतो हे मी डोळ्यांनी पाहत होतो, आणि तरी मी त्यास हट्टी म्हणत होतो. दहावीला इंग्रजीत तो दोनदा नापास झाला आणि शाळा सुटली.

पुढे मी कायदा शिकलो. प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा देऊ नये, हे तत्त्व मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळविले. भावाचे म्हणणे मात्र मी पंचवीस वर्षे ऐकले नाही. ते ऐकावयास लागलो त्याच्या मुलीमुळे. तिच्याकडे मी नंतर येईन. आज आपल्यापुढे मी त्याची कैफियत मांडावयास उभा आहे.

पहिला प्रश्न असा की, इंग्रजी स्पेलिंग कोणालाही कठीण का जाते? याचे उत्तर शिकणाऱ्याच्या डोक्यात शोधण्यापूर्वी ते त्या स्पेलिंगच्याच अंगी शोधले पाहिजे. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. त्यातही स्वरांचे ध्वनी विसाच्या घरात आणि ते दाखविण्यासाठी ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरे. म्हणजे एकेका अक्षराला तीन-चार घरची चाकरी करावी लागते. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे घ्या. एका शब्दात ती ‘दो’ होतात, दुसऱ्यात ‘थ्रू’, तिसऱ्यात ‘कफ’, चौथ्यात ‘रफ’, पाचव्यात ‘बाउ’. ज्या मुलाला ‘क’ला काना ‘का’ असे शिकविले गेले आहे, आणि तो काना कोठेही लावला तरी ‘आ’च होतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला हा प्रकार फसवणुकीसारखा वाटला तर त्यात त्याचा दोष काय?

हा घोळ एका दिवसात झालेला नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि राजदरबारात व न्यायालयात फ्रेंच भाषा बसली. लेखनिकांनी इंग्रजी शब्द फ्रेंच वळणाने लिहावयास आरंभ केला. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. तो ही कला परदेशात शिकून आला होता. ‘घोस्ट’ या शब्दातील मुका एच हा त्या सुमाराच्या फ्लेमिश वळणाचा अवशेष मानला जातो. छपाईमुळे शब्दांची रूपे हळूहळू गोठू लागली. परंतु नेमक्या त्याच काळात, म्हणजे साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत, इंग्रज माणसाच्या तोंडचे दीर्घ स्वर आपली जागा सोडून सरकत होते. पूर्वी ‘नेम’ हा शब्द आपल्या ‘नाम’ शब्दाच्या जवळ उच्चारला जाई, म्हणून तेथे ए आहे. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दातील के आणि जीएच हे दोन्ही उच्चारले जात. उच्चार गेले, अक्षरे राहिली. वाडा पडला तरी चौकट उभी असावी, तशी ती आजही उभी आहेत. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा कोश निघाला आणि त्या चौकटीला कायमचा चुना लागला.

आणि काही अक्षरे तर कधीच बोलली गेली नाहीत, ती मागाहून विद्वानांनी घुसडली. आम्हा वकिलांचा ज्यांवाचून दिवस जात नाही ते शब्द पाहा. ‘डेट’ म्हणजे कर्ज. जुन्या इंग्रजीत तो उच्चाराप्रमाणेच, बी-वाचून लिहीत असत. लॅटिन मूळ ‘डेबिटम’ आहे हे दाखविण्याच्या हौसेने मध्ये बी आणून बसविला. ‘रिसीट’ म्हणजे पावती, त्यात पी तसाच घातला. ‘इंडाइट’ म्हणजे आरोप ठेवणे, त्यात सी घातला. ‘आयलंड’ या शब्दात एस आला तो तर निव्वळ चुकीने. ज्या लॅटिन शब्दाशी नाते जोडले त्याच्याशी त्याचे नातेच नव्हते. कर्ज आणि पावती या दोन्ही शब्दांत न बोलणारे एकेक जादा अक्षर लिहिलेले असावे, हा योगायोग सावकाराच्या वह्या पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना विशेष नवलाचा वाटणार नाही! थोडक्यात, एकेकाळच्या पंडितांनी केलेली चूक आज ‘शुद्ध’ ठरली आहे, आणि ती चूक न करणारे सहावीतले पोर ‘अशुद्ध’ ठरते.

ही व्यवस्था सुधारण्याचे यत्न झाले नाहीत असे नाही. अमेरिकेत नोआ वेबस्टरने काही शब्द सोपे केले, ते टिकले. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सोप्या रूपात छापण्याची आज्ञा केली. विधिमंडळ बिथरले आणि त्याच वर्षी ती आज्ञा मागे घ्यावी लागली. १९४९ साली ब्रिटिश पार्लमेंटात स्पेलिंग सुधारणेचे विधेयक आले. ते ८४ विरुद्ध ८७ अशा मतांनी, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडले. उलट आपल्या मराठीत १९६२ साली लेखनाचे नवे नियम मान्य झाले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, ‘कवि’चा ‘कवी’ झाला, आणि आभाळ कोसळले नाही. इंग्रजीला असा कोणी एक धनी नाही, म्हणून तिचे ओझे शिकणाऱ्याच्या पाठीवरच राहिले आहे.

ते ओझे किती, याचे मापही झाले आहे. युरोपातील निरनिराळ्या भाषांच्या मुलांना शाळेच्या पहिल्या वर्षाअखेरीस ओळखीचे सोपे शब्द वाचावयास दिले गेले. २००३ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास सांगतो की, ग्रीक, फिनिश, जर्मन, इटालियन, स्पॅनिश मुलांनी शंभरातले ९५ वा त्याहून अधिक शब्द बरोबर वाचले. डॅनिश मुलांनी ७१ वाचले. स्कॉटलंडमधील इंग्रजी शाळांच्या मुलांनी वाचले ३४. ही मुले वयाने थोडी लहान असतात हे खरे. परंतु दुसऱ्या वर्षाअखेरीसही ती ७६ पर्यंतच पोचली होती. लक्षात घ्या, ज्यांच्या आईच्या मांडीवर इंग्रजी आहे अशा मुलांचे हे आकडे आहेत. आपल्या मुलांची गोष्ट तर पुढेच आहे.

आपल्या मुलाने ‘नॉलेज’ हा शब्द शाळेत प्रथम पाहिला, तेव्हा तो त्याने त्यापूर्वी कधी ऐकलेला नसतो. इंग्रज मुलाला शब्द आधी कानाने ठाऊक असतो; त्याला फक्त त्याचा पोशाख शिकावयाचा असतो. आपल्या मुलाला माणूस आणि पोशाख एकदमच भेटतात. घरी कोणी तो शब्द उच्चारीत नाही. शिकविणाऱ्याने स्वतः तो पुस्तकातूनच उचललेला असतो. मग काय होते? मूल अक्षरांचा मंत्र पाठ करते. के, एन, ओ, डब्ल्यू असा सूर लावून रात्रभर घोकते आणि सकाळी मधले एक अक्षर निसटले की पुढची सारी माळ ओघळते. त्यातून मराठीत व्ही आणि डब्ल्यू या दोहोंना एकच ‘व’. ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांतील भेद खेड्यातल्या कानाला सवयीचा नाही. ‘सेपरेट’ शब्दात मध्ये ए की ई, हे इंग्रजाच्या कानालाही कळत नाही, कारण तेथील स्वर तो गिळून टाकतो. हे सारे अडथळे खरे आहेत. परंतु ते परिस्थितीचे आहेत, आणि परिस्थितीचे अडथळे चांगल्या शिकवण्याने, ऐकण्याने आणि वाचनाने दूर होतात. माझे झाले. मला वकिलीच्या पहिल्या वर्षी ‘जजमेंट’ शब्दात जी-नंतर ई लिहिल्याबद्दल एका ज्येष्ठांनी झापले होते. पुढे कळले की न्यायालयात तो ई-वाचून लिहितात आणि बाहेर इंग्रज लोक ई-सह लिहितात! तेव्हापासून मी थोडा धीट झालो.

मराठीचेही दोन शब्द येथेच बोलतो. ‘आणि’ला ‘आनि’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटल्याबद्दल ज्यांची टिंगल झाली अशी माणसे या सभेत पुष्कळ बसली आहेत. ण आणि न यांचा तो भेद केवळ बोलीचा भेद आहे. त्यावरून माणसाची पायरी ठरविण्याची जी खोड या समाजाला जडली, तीच इंग्रजी स्पेलिंगच्या बाबतीत नव्या कपड्यांत पुढे आली आहे. अर्जात एक स्पेलिंग चुकले की साहेब पुढचा मजकूर वाचीत नाही. म्हणून शुद्ध लिहावयास शिकलेच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. ते व्यवहाराचे शस्त्र आहे. पण शस्त्र चालविता न येणे आणि हात नसणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता मी माझ्या भावाकडे वळतो. कारण वर सांगितलेल्या दोन्ही कारणांनी त्याचा उलगडा होत नाही. त्याच घरात, त्याच गल्लीत, त्याच गुरुजींच्या हाताखाली मी शिकलो आणि मला जमले, त्याला नाही. असे का?

१८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी तेथील वैद्यकीय नियतकालिकात एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाचे नाव पर्सी. हुशार, खेळात चपळ, गणितात चांगला. सात वर्षांचा असल्यापासून त्याला शिक्षक होते. आणि तरीही लहान-लहान शब्द त्याला वाचता येत नसत. स्वतःचे नाव लिहिताना त्याने अक्षरे उलटसुलट करून ‘प्रेसी’ लिहिले. त्याच्या शिक्षकाचे मत असे होते की, सारे शिक्षण तोंडी असते तर शाळेत हा सर्वांत हुशार ठरला असता. डॉक्टरांनी याला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. आज याला डिस्लेक्सिया म्हणतात आणि कायद्याच्या भाषेत हा विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार आहे.

नावातले ‘अंधत्व’ पुढे चुकीचे ठरले. दोष डोळ्यांत नसतो. बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडणे आणि त्या ध्वनींची अक्षरांशी गाठ मारणे, हे काम मेंदूचा जो भाग करतो त्याची घडण निराळी असते. ही घडण पुष्कळदा घराण्यात चालते. बुद्धी कमी असण्याशी तिचा संबंध नाही. मात्र भाषेच्या लिपीशी तिचा संबंध फार आहे. २००१ साली इटली, फ्रान्स आणि इंग्लंड येथील अशा विद्यार्थ्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. मेंदूचे चित्र तिघांचे सारखेच निघाले. डाव्या बाजूचा तोच भाग वाचताना मंद. परंतु वाचनात इटालियन विद्यार्थी इतर दोघांहून सरस ठरले, कारण इटालियनमध्ये जसे बोलावे तसे लिहिले जाते. त्याहून बोलके उदाहरण जपानचे आहे. इंग्रजी बोलणाऱ्या आई-बापांचा, परंतु जपानात जन्मून जपानी शाळेत शिकलेला एक सोळा वर्षांचा मुलगा; १९९९ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जपानी तो उत्तम वाची. इंग्रजी, म्हणजे त्याची मायबोली, त्याला वाचता येईना! डोके एकच, लिप्या दोन, निकाल दोन. आपले मूल मराठीत कसेबसे पास होते आणि इंग्रजीत कोसळते, तेव्हा ‘मराठी येते मग इंग्रजी का नाही, हा आळसच’ असे जे आपण म्हणतो, ते किती घाईचे आहे हे यावरून कळून येईल.

आता मी वकील या नात्याने आपले लक्ष एका बारीक गोष्टीकडे वेधतो, आणि माझ्या दृष्टीने आजच्या भाषणाचा मुद्दा हाच आहे. पर्सी सुखवस्तू घरचा होता. आई-वडील सुज्ञ, घरी शिक्षक. त्यामुळे डॉक्टरांना घराकडे बोट दाखविता येईना. म्हणून त्यांनी कारण मुलाच्या मेंदूच्या घडणीत शोधले. पुढे या विकाराच्या ज्या व्याख्या झाल्या त्यांनी ही गोष्ट नियम म्हणून बांधून टाकली. १९६८ साली मज्जाविकारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने व्याख्या केली : नेहमीचे शिक्षण, पुरेशी बुद्धी आणि पुरेशी सामाजिक-सांस्कृतिक संधी असूनही वाचन शिकण्यात येणारी अडचण. १९७५ च्या अमेरिकन कायद्याने तर स्पष्टच लिहिले की, ज्यांची अडचण मुख्यतः परिस्थितीच्या, संस्कृतीच्या वा आर्थिक हलाखीमुळे आहे ती मुले यात धरू नयेत. याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. श्रीमंताचे मूल स्पेलिंग चुकले तर तो विकार. गरिबाचे मूल चुकले तर ती गरिबी. एकाला उपचार, दुसऱ्याला शेरा. जणू निराळ्या घडणीचा मेंदू झोपडपट्टीत जन्मासच येत नाही!

माझ्या भावाला जे ऐकविण्यात आले ते याच व्याख्येचे गावठी भाषांतर होते. घर अडाणी आहे, मग दुसरे कारण शोधावयाचे कशाला? आणि बंधूंनो, मीही तेच केले. मी घराऐवजी त्याचा आळस पुढे केला, एवढाच काय तो फरक.

आपल्या देशाच्या कायद्यात ही भिंत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या परिशिष्टात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे त्यांतील एक आहे. व्याख्येत वाचणे, लिहिणे, हिशेब करणे यांच्या बरोबरीने स्पेलिंग करण्यातील अडचण नाव घेऊन सांगितली आहे. मूल कोणत्या घरचे, आई-बाप शिकलेले की नाही, याचा एक शब्दही तेथे नाही. कलम १६ ने शाळांवर कर्तव्य घातले आहे की अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर शोधून काढावी आणि शिकविण्याचे योग्य उपाय योजावेत. म्हणजे ‘तुमच्या मुलाला काय झाले आहे ते तुम्हीच सिद्ध करून आणा’ असे म्हणून शाळेला मोकळे होता येत नाही. कलम १७ मध्ये परीक्षेतील सवलती आहेत : वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या वा तिसऱ्या भाषेतून सूट. आपल्या महाराष्ट्रात तर १९९६ पासूनच शालान्त परीक्षेसाठी अशा सवलती दिल्या जात आहेत आणि स्पेलिंगच्या चुकांबद्दल गुण न कापणे ही त्यांत एक आहे. त्याशिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शाळेतील मारहाण आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. भर वर्गात घराण्याचा उद्धार करणे हा मानसिक छळ नव्हे, असे मला कोणी पटवून द्यावे.

मूल कोणत्या कारणाने चुकते हे घरी बसून ठरत नाही. ते काम तज्ज्ञांचे आहे. परंतु तज्ज्ञाकडे न्यावे की नाही, एवढे आपणास कळू शकते. ‘नॉलेज’ हा शब्द मुलाने एन-ओ-एल-ई-जे असा लिहिला तर तो चुकला खरा, पण त्याचा कान शाबूत आहे. त्याने ऐकले ते इमानाने लिहिले. अशा मुलाला वाचन वाढवून द्या. परंतु लिहिलेल्याचा आणि बोललेल्याचा मेळच बसत नसेल, तोच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी येत असेल, मराठी वाचतानाही मात्रा-वेलांट्या गळत असतील आणि जोडाक्षर आले की गाडी थांबत असेल, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते हे तोंडी सांगता येत नसेल, आणि मामा वा काका याच कारणाने शाळेतून उठला असेल, तर थांबू नका. बी आणि डी यांची उलटापालट मात्र सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळच मुले करतात. तेवढ्यावरून घाबरू नये.

तपासणी साधारण आठव्या वर्षापासून करता येते. प्रथम मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. तोंडी विनंतीला कागद नसतो. शासनाने नेमून दिलेल्या शासकीय व महापालिका रुग्णालयांत तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते. फेऱ्या पडतात, दिवस मोडतो, रोजंदारी बुडते. हे मी जाणतो. कित्येकजण या कागदाला भितात. ‘दिव्यांग’ हा शिक्का पोरीच्या लग्नात आड येईल असे मला एका माउलीने विचारले होते. मी त्यांना म्हटले, ‘ताई, ढ हा शिक्का तिच्यावर बसलेलाच आहे. तो कोणत्या कायद्याने बसविला?’ त्या काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या.

एका सवलतीबाबत मात्र माझे मत सावधगिरीचे आहे. इंग्रजी सोडून देण्याची मुभा आहे म्हणून ती सोडण्याची घाई करू नये. कायदा, वैद्यक, यंत्रविद्या या दारांवर आजही इंग्रजीची कडी आहे, आणि ती कडी आपल्यालाच अधिक जड जाते. आधी वाढीव वेळ घ्यावा, स्पेलिंगची सूट घ्यावी, आणि शिकविण्याची रीत बदलून पाहावी. शंभर वेळा लिहावयास लावणे ही रीत नव्हे, हे मी स्वानुभवाने सांगतो. आधी ध्वनी, मग अक्षर. एका वेळी एकाच जातीचे पाच शब्द. बोलत-बोलत बोटाने गिरविणे. थोडे, पण रोज. शब्दाची हकीकत सांगितली तर तोही आधार होतो. ‘साइन’ या शब्दात जी मुका का आहे, असे माझ्या पुतणीने मला विचारले. मी तिला ‘सिग्नेचर’ म्हणावयास लावले; तेथे तो जी बोलतो. ती म्हणाली, ‘म्हणजे काका, तो मुका नाही, गप्प बसला आहे.’

ती पुतणी म्हणजे माझ्या त्या भावाची मुलगी. चौथीत असताना तिच्या वहीवर तोच शेरा आला, त्याच तांबड्या शाईत. मी सवयीने रागावणार इतक्यात भाऊ आतल्या खोलीतून उठून आला आणि माझ्या हातातून वही काढून घेऊन म्हणाला, ‘दादा, हिला शंभर वेळा लिहायला लावू नकोस.’ एवढेच तो बोलला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तिला रुग्णालयात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई मुलीला तपासत होत्या, एकेक शब्द फोडून विचारीत होत्या, आणि बाजूला बसलेला चाळीस वर्षांचा माझा भाऊ ओठांतल्या ओठांत उत्तरे देण्याचा यत्न करीत होता. त्यालाही ती येत नव्हती. बाहेर आल्यावर त्याने मला विचारले की, मोठ्या माणसाला हा कागद मिळतो का? त्याला सवलत नको होती. त्याचे गॅरेज आहे, चार माणसे हाताखाली आहेत. त्याला तो कागद केवळ वाचून घ्यावयाचा होता.

पुतणी आता नववीत आहे. इंग्रजीत पास होते. स्पेलिंग अजून चुकते.

आपणापैकी ज्यांनी मुलांच्या वह्या बरोबर आणल्या आहेत त्यांनी सभा आटोपल्यावर पलीकडच्या खोलीत यावे. मी डॉक्टर नाही. निदान मी करणार नाही. मुख्याध्यापकांना द्यावयाचा अर्ज मी तेथेच बसून लिहून देईन. मराठीत लिहीन. आई-वडिलांपैकी कोणी एकाने खाली सही करावयाची आहे, आणि सही येत नसेल तर अंगठा चालतो.

जय भीम.